कला महाविद्यालयातील चर्चा आणि रोजचा दिवस व्हिडिओत कसा आणावा?

पूर्वभाग_सोलापूर (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापुरातील एका कला महाविद्यालयात रेखा व रंगकला शाखेच्या शेवटच्या वर्षात शिकते. वार्षिक प्रदर्शनासाठी चित्रमालिकेऐवजी व्हिडिओकृती करण्यास आमच्या सरांनी संमती दिली आहे आणि विषय म्हणून मी आमचे महाविद्यालयच घेतले आहे. दर शनिवारी आठवड्याभराची कामे भिंतीला टेकवून ठेवली जातात, सगळे वर्ग एकत्र बसतात आणि एकेका कामावर बोलणे होते. ही चर्चा आणि तिच्या भोवतीचा रोजचा दिवस, म्हणजे कॅनव्हास ताणणे, प्रायमर लावून तो गच्चीवर वाळत ठेवणे, एकाच नळावर ब्रश धुण्यासाठी होणारी गर्दी, सबमिशनच्या आदल्या संध्याकाळची धावपळ, दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या डब्याभोवती रंगणाऱ्या गप्पा, हे सर्व मला एका कृतीत आणायचे आहे.

सुरुवातीचे थोडे चित्रीकरण केले, परंतु ते पाहून समाधान झाले नाही. कॅमेरा लावताच चर्चेचा सूर बदलतो. जो मित्र एरवी ‘यात रंग आहे, चित्र नाही’ असे तोंडावर सांगतो, तोच कॅमेऱ्यासमोर ‘प्रयत्न चांगला आहे’ म्हणून खाली बसतो, आणि सर व्याख्यान देऊ लागतात. शिवाय मिळालेली दृश्ये महाविद्यालयाच्या प्रवेशमाहितीच्या फिल्मसारखी दिसतात. तिसरी अडचण आमच्या शहराचीच आहे. वर्गातली चर्चा मराठीत होते आणि तिच्यात इंग्रजी पारिभाषिक शब्द मिसळलेले असतात. पण वर्ग सुटल्यावर जिन्यावर तीच चर्चा तेलुगू, कन्नड आणि दखनीत पुन्हा सुरू होते, आणि कामाविषयीचे खरे मत पुष्कळदा तिथेच ऐकू येते.

अशा विषयाच्या बाबतीत माहितीपट आणि व्हिडिओकला यांत नेमका फरक कुठे पडतो, कॅमेऱ्यामुळे बदलणाऱ्या चर्चेचे काय करावे, आणि कोणत्या कलाकृती पाहाव्यात, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. माझ्याकडे एक मोबाइल, एक ट्रायपॉड आणि मित्राकडून मिळणारा जुना डीएसएलआर कॅमेरा एवढेच साहित्य आहे.

चौकटीबाहेर

माहितीपट करणारा माणूस बहुतेक वेळा विषय आधी समजून घेतो आणि मग तो प्रेक्षकाला समजावून देतो. व्हिडिओ कलावंत पुष्कळदा एखादा नियम ठरवतो, त्या नियमाने कॅमेरा चालू ठेवतो आणि त्यातून जे हाती येईल त्याची जबाबदारी घेतो. ही विभागणी काटेकोर नाही. फ्रेडरिक वाइझमन यांचा बर्कली विद्यापीठावरील २०१३ चा सुमारे चार तासांचा माहितीपट पाहिला तर त्यात निवेदन नाही, मुलाखती नाहीत, आणि बैठकांमागून बैठका पाहता पाहता आपण त्या संस्थेच्या आत कधी जाऊन बसलो ते कळत नाही. तरीही तुमची दृश्ये जाहिरातीसारखी का दिसतात याचे उत्तर मला या फरकात दिसते. तुम्ही सगळेच दाखवायला निघाला आहात, पण काय दाखवायचे नाही हे अजून ठरलेले नाही.

कला महाविद्यालय आणि व्हिडिओ यांचे नाते तसे जुने आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सोनीचा पोर्टापॅक हा व्हिडिओ कॅमेरा आला. एका माणसाला उचलून नेता येईल असे हे यंत्र होते, आणि त्याने घेतलेले दृश्य फिल्मप्रमाणे प्रयोगशाळेत न पाठवता तिथल्या तिथे पुन्हा पाहता येत होते. १९७१ मध्ये कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या कला महाविद्यालयात अमेरिकन कलावंत जॉन बाल्देसारी यांचे प्रदर्शन ठरले. ते स्वतः तिकडे गेले नाहीत, सूचना तेवढ्या पाठवल्या, आणि विद्यार्थ्यांनी ‘यापुढे मी कंटाळवाणी कला करणार नाही’ हे वाक्य, शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावतात तसे, दालनाच्या भिंतींवर पुन:पुन्हा लिहिले. त्याच वर्षी बाल्देसारी यांनी स्वतः ते वाक्य कागदावर लिहीत राहण्याचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ केला. कंटाळवाणे काम न करण्याची शपथ कंटाळा येईपर्यंत पाहावी लागते, ही त्यातली खोच आहे. पुढच्या वर्षी त्यांनी कुंडीतल्या एका रोपाला अक्षरांची कार्डे दाखवत इंग्रजी मुळाक्षरे शिकवली. हे गृहस्थ त्या काळात कॅलिफोर्नियातील एका कला संस्थेत शिकवत होते, हे लक्षात ठेवून ते दोन्ही व्हिडिओ पाहिले तर शिकवणे, शिकणे, शिक्षा आणि सराव यांच्याकडे पाहण्याची एक वाकडी नजर मिळते.

तुमच्या विषयाला त्याहून जवळचे काम जर्मन चित्रपटकार हारून फारोकी यांचे आहे. १९९० मध्ये त्यांनी तत्कालीन पश्चिम जर्मनीतील निरनिराळे प्रशिक्षणवर्ग आणि सराव जोडून एक संपूर्ण चित्रपट रचला. त्यात बाळंतपणाची तयारी शिकवली जाते, पोलीस अटकेचा सराव करतात, विमा विकणारे बोलण्याचा सराव करतात, आणि यांपैकी कशावरही निवेदक काही बोलत नाही. माणसे सराव करताना जशी दिसतात तशी प्रत्यक्ष काम करताना दिसत नाहीत. तुमची शनिवारची चर्चा हासुद्धा एक सरावच आहे, आपल्या कामाविषयी चारचौघांत बोलण्याचा आणि दुसऱ्याचे ऐकून घेण्याचा.

आता माझी सूचना. कॅमेरा भिंतीला टेकवलेल्या चित्रांच्या रांगेत, चित्रांच्याच उंचीवर ठेवा आणि त्याचे तोंड माणसांकडे करा. ज्या कामावर बोलणे चालू आहे ते प्रेक्षकाला शेवटपर्यंत दिसू देऊ नका. मग चित्राकडे पाहणारे चेहरे दिसतील, आपल्या कामावर चर्चा चालू असताना नखे कुरतडणारी मुलगी दिसेल, आणि बोलण्याची पाळी येऊ नये म्हणून पाठीमागे सरकणारेही दिसतील. चर्चा करणाऱ्यांचे बोलणे हा तिचा थोडा भाग असतो. ऐकणाऱ्यांची हालचाल पाहण्यासारखी असते आणि कॅमेरा तिकडे सहसा वळत नाही. राहिला प्रश्न कॅमेऱ्यामुळे येणाऱ्या सभ्यपणाचा. तो लपवू नका. घेतलेले चित्रीकरण पुढच्या शनिवारी त्याच मंडळींना दाखवा आणि ते पाहतानाचे त्यांचे बोलणे पुन्हा चित्रित करा. ज्याँ रूश आणि एदगार मोरँ यांनी १९६१ च्या पॅरिसवरील चित्रपटात सहभागी माणसांना त्यांचेच चित्रीकरण दाखवून त्यावरचा वाद चित्रपटात ठेवला होता. तुमच्या मित्राला ‘प्रयत्न चांगला आहे’ असे म्हणताना तो स्वतः पडद्यावर दिसला, की तो काय म्हणतो हे ऐकण्याची उत्सुकता मला तरी आहे.

जुना_विद्यार्थी_मुंबई

वरील सूचना आकर्षक आहे, परंतु मला ती पटत नाही. शनिवारची चर्चा टिकते ती ती नोंदली जात नाही म्हणूनच. दुसऱ्या वर्षातील मुलाला तिथे चुकीचे, अर्धवट, उद्धटही बोलता येते, कारण सोमवारी ते कोणी काढणार नसते. चित्रीकरण झाले की त्याचा एखादा तुकडा व्हॉट्सॲपच्या गटात जातोच. तुमचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी तो तुकडा तुमच्याच मोबाइलमधून जाईल असे नाही. सोलापूरसारख्या शहरात मुलीला चित्रकलेला घालण्यासाठी घरच्यांची मनधरणी करावी लागते हे मी जवळून पाहिलेले आहे. तिच्या कामाची शिक्षक सर्वांदेखत चिरफाड करत आहेत, एवढेच वीस सेकंदांचे दृश्य घरी पोहोचले तर त्याचा अर्थ तिथे निराळाच लावला जाईल. पुढच्या शनिवारी सर्वांना बसवून ते दाखवणे म्हणजे त्या मुलीला दुसऱ्यांदा भिंतीपाशी उभे करणे आहे.

चर्चा दाखवण्यासाठी ती चित्रित करावीच लागते, हेही मला मान्य नाही. जर्मन कलावंत योसेफ बॉइस यांनी १९७२ च्या पाचव्या डॉक्युमेंटा या जर्मनीतील प्रदर्शनात शंभर दिवस आपले कार्यालय थाटून येणाऱ्याजाणाऱ्यांशी लोकशाहीवर चर्चा केली. तीच त्यांची कलाकृती होती. ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत प्रवेश नाकारलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी वर्गात घेतले आणि त्याच वर्षी त्यांची प्राध्यापकी गेली, म्हणजे महाविद्यालयात कोणी बसावे हासुद्धा त्यांच्या चर्चेचाच भाग होता. बॉइस यांच्या अशा बोलण्यांतून उरलेले खडूने भरलेले फळे आज संग्रहालयांत आहेत, आणि त्यांवरचे बाण आणि अर्धी पुसलेली वाक्ये पाहून माणूस बराच वेळ थांबतो.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर चित्रकार अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशांतून १९६९ ते १९७२ या काळात मुंबईत चालवलेली व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप पाहावी. चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटाशी संबंधित मंडळी एका जागी येऊन प्रयोग करत होती. नुकत्याच मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या नलिनी मालानी यांनी तिथे कॅमेऱ्याशिवायची छायाचित्रे आणि फिल्मचे प्रयोग केले. तिथे काय बोलणे झाले असेल याचा अंदाज आपण त्या कामांवरून बांधतो, आणि तो बांधावा लागतो म्हणूनच ती कामे लक्ष देऊन पाहतो. (सोलापूरकरांनी या निमित्ताने पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेन यांचा १९६७ चा लघुपटही पाहून घ्यावा. बर्लिनला त्याला गोल्डन बेअर मिळाले होते. चित्रकार कथानकाशिवाय दृश्यामागे दृश्य कसे ठेवतो हे त्यातून कळते. विषयाशी त्याचा संबंध तेवढाच आहे.)

माझे म्हणणे थोडक्यात असे की चर्चेच्या वेळी कॅमेरा बंद ठेवा आणि वही उघडा. कोण काय बोलले ते नाव न लिहिता टिपून घ्या आणि नंतर ती वाक्ये दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या. सरांचे वाक्य पहिल्या वर्षाच्या मुलीने वाचावे, तिचे वाक्य शिपाईमामांनी वाचावे. वाक्य कोणाच्या तोंडी आहे यावर त्याचे वजन किती अवलंबून असते हे प्रेक्षकाला आपोआप जाणवेल आणि कोणाचे नुकसानही होणार नाही. दृश्यासाठी रिकामा वर्ग पुरेसा आहे. अमेरिकन कलावंत ब्रूस नाउमन यांनी २००१ च्या एका कामासाठी स्वतःच्या स्टुडिओत रात्री इन्फ्रारेड कॅमेरा लावून ठेवला. सात पडद्यांवरच्या त्या जवळजवळ सहा तासांच्या कामात उंदीर, मांजर आणि पतंग यांच्याखेरीज फारसे काही घडत नाही. एप्रिलच्या दुपारी, बाहेर ऊन चाळिशीच्या वर असताना, तुमच्या वर्गात तरी आणखी काय घडत असेल?

ध्वनी_आधी

दोन्ही मतांच्या वादात न पडता साहित्याविषयी लिहितो.

मोठा वर्ग, गिलाव्याच्या उघड्या भिंती आणि छताचे पंखे, अशा जागी चार मीटरवरच्या मोबाइलला बोलणे नीट ऐकू येत नाही. आवाज वेगळा घ्या. दुसरा मोबाइल ध्वनिमुद्रणावर टाकून बसणाऱ्यांच्या मधोमध एखाद्या डाँकीवर, म्हणजे चित्र काढताना बसण्याच्या लाकडी बाकावर, ठेवा आणि त्याखाली जाड टॉवेलची घडी घाला, म्हणजे लाकडाचा कंप त्यात येणार नाही. प्रतिध्वनी कमी करण्यासाठी मागच्या भिंतीवर दोन-तीन चादरी टांगा. आपल्या गावात त्यांची वानवा नाही. पंखे बंद ठेवणे उन्हाळ्यात अशक्य असेल तर चर्चा सकाळी आठला घेण्याची विनंती करा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एकदा जोरात टाळी वाजवा, संकलनात चित्र आणि आवाज जुळवायला ती उपयोगी पडते. सगळे शांत असताना वर्गाचा नुसता आवाजही मिनिटभर घेऊन ठेवा. दूरवर यंत्रमाग चालू असतील तर तो खडखडाट काढून टाकण्याच्या मागे लागू नका. तो त्या वर्गाचा भाग आहे.

आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) आणि शटर १/५० सेकंद असे ठेवले तर चित्रावर सरकणारे काळे पट्टे येत नाहीत. १/६० ठेवले तर ते दिसण्याची शक्यता असते. जुने डीएसएलआर कॅमेरे साधारण अर्ध्या तासाने, काही तर त्याच्याही आधी, चित्रीकरण आपोआप थांबवतात, त्यामुळे दीर्घ चर्चेसाठी त्यांच्यावर विसंबू नका. मोबाइलवर फुल एचडी चित्रीकरण मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी जागा घेते. दोन तासांच्या चर्चेला म्हणजे सात ते सोळा जीबी मोकळे हवेत. प्रदर्शनाच्या दालनात दिवसा प्रोजेक्टरचे चित्र फिके पडेल. भाड्याचा टीव्ही, पेन ड्राइव्ह आणि दोन हेडफोन एवढे पुरेसे आहे.

पूर्वभाग_सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. कॅमेरा चित्रांच्या रांगेत ठेवण्याची कल्पना मला फार आवडली, आणि घरी पोहोचणाऱ्या तुकड्याबद्दलची भीतीही खरी आहे. माझ्या दोन मैत्रिणींनी तीच बोलून दाखवली. तथापि दोन्ही उत्तरांत एका व्यक्तीचा उल्लेख नाही, कारण मूळ प्रश्नात मीही तो केला नव्हता.

पोर्ट्रेटच्या वर्गाला आमच्याकडे मॉडेल म्हणून एक आजी बसतात. त्या पूर्वी विड्या वळत असत. शनिवारच्या चर्चेच्या वेळी त्याही तिथेच असतात, कारण चर्चा झाल्यावर पुन्हा बैठक असते. आम्ही त्यांच्या गालाच्या हाडांविषयी, हनुवटीखालच्या टोनविषयी (छटेविषयी), कपाळाच्या प्लेनविषयी (पृष्ठभागाविषयी) त्यांच्यासमोर बोलत असतो, जणू त्या खोलीत नाहीतच. मागे एकदा एका मित्राने दुसऱ्याच्या कामावर ‘डोळ्यांखाली इतकी काळी सावली नैसर्गिक वाटत नाही’ असा शेरा मारला, तेव्हा आजी तेलुगूत म्हणाल्या, ‘आहे तिथे काळेच, त्याला काळेच रंगवू दे.’ तेलुगू समजणारी निम्मी मुले हसली. सरांनी काय झाले म्हणून विचारले, तर कोणीतरी ‘चित्र आवडले म्हणतात’ एवढेच मराठीत सांगितले. हा प्रसंग माझ्या सुरुवातीच्या चित्रीकरणात आलेला आहे, आवाज बरा आहे, आणि आता मला वाटू लागले आहे की माझी कृती याच्याच भोवती असावी. ते योग्य होईल का? आणि तेलुगू वाक्याला मराठी उपशीर्षक द्यावे का?

बाराखडी_बाई

मी कला शिक्षक पदविकेच्या विद्यार्थ्यांना शिकवते, म्हणून थोडे शिक्षकाच्या बाजूने लिहिते.

हा प्रसंग हाती असताना बाकी पसारा कमी करा. नळावरची गर्दी आणि डब्याच्या गप्पा चांगल्या आहेत, पण त्या कोणत्याही महाविद्यालयात मिळतील. ज्या चेहऱ्यावर चर्चा चालू आहे त्या चेहऱ्याची बाई चर्चेत मत देते आणि ते मत वर्गाच्या अधिकृत भाषेत पोहोचेपर्यंत त्याचे कौतुक होऊन बसते, हे मात्र तुमच्याच वर्गात घडलेले आहे. ‘चौकटीबाहेर’ यांच्या सूचनेप्रमाणे कॅमेरा चित्रांच्या जागी ठेवलात तर पोर्ट्रेटच्या वेळी तो आपोआप आजींच्या समोर येतो. चित्र दिसत नाही, ज्यांचे चित्र आहे त्या दिसतात, आणि त्यांच्याविषयीचे बोलणे ऐकू येते. एवढ्या एका जागेवरून संपूर्ण कृती होऊ शकेल. ‘जुना विद्यार्थी’ यांची काळजीही यात बऱ्याच अंशी मिटते, कारण विद्यार्थी पाठमोरे किंवा चौकटीबाहेर राहतील आणि त्यांचे आवाज हवे तर दुसऱ्यांकडून वाचून घेता येतील. आजींचे वाक्य मात्र दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नका.

उपशीर्षकाविषयी माझे मत असे आहे की खाली लगेच अचूक मराठी भाषांतर देऊ नये. वर्गात कोणी मराठीत सांगितले तेव्हाच उपशीर्षक यावे, आणि जे सांगितले तेच यावे: ‘चित्र आवडले म्हणतात.’ म्हणजे तेलुगू न येणाऱ्या प्रेक्षकाला सरांना जेवढे कळले तेवढेच कळेल. प्रदर्शन सोलापुरात आहे. अशोक चौकाकडून आलेला तेलुगू जाणणारा प्रेक्षक आजींचे वाक्य ऐकून आधी हसेल आणि शेजारचा त्याच्याकडे वळून काय झाले म्हणून विचारील. यासाठी हेडफोन देऊ नका, आवाज दालनात मोकळा सोडा. पुण्या-मुंबईत ही कृती दाखवायची वेळ आली तर तेव्हा निराळा विचार करता येईल.

योग्य होईल का, हा तुमचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आजींना बसण्याचे जे मानधन मिळते ते चित्र काढून घेण्याचे असते. व्हिडिओत त्यांचा चेहरा आणि आवाज दोन्ही जातात, आणि व्हिडिओ प्रदर्शनात दिवसभर पुन:पुन्हा चालत राहतो, त्यामुळे त्याचे पैसे वेगळे द्यायला हवेत. परवानगी कागदावर अंगठा किंवा सही घेऊन उरकू नका. तेलुगू येणाऱ्या मैत्रिणीला बरोबर घेऊन त्यांच्या घरी जा, चित्रीकरण त्यांना पूर्ण दाखवा, घरच्यांनाही पाहू द्या, आणि नको म्हणण्याची मोकळीक ठेवा. संकलन करून झाल्यावर विचारायला जाऊ नका. तोपर्यंत तुमचे मन त्या दृश्यात इतके गुंतलेले असेल की तुम्ही विचारणार नाही, गळ घालाल. त्या नको म्हणाल्या तर तो प्रसंग वापरता येणार नाही, वाचून घेऊनसुद्धा नाही.

सरांनाही आधी दाखवा. त्यांना अर्धवट भाषांतर ऐकवले गेले हे त्यांना प्रदर्शनात सर्वांबरोबर कळणे बरे नव्हे. चांगला शिक्षक असेल तर तो हे दृश्य काढू नका म्हणेल, असा माझा अंदाज आहे.

जुना_विद्यार्थी_मुंबई

चर्चा चित्रित करू नये हे माझे मत कायम आहे, परंतु आजींच्या दृश्याला ते लागू पडत नाही हे मान्य करतो. बाईंच्या सूचनेत एकच भर घालतो. मूळ चित्रीकरण प्रदर्शनानंतर कोणाकडे राहणार, हे आत्ताच प्राचार्यांशी बोलून लेखी ठरवून घ्या. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की महाविद्यालयाच्या पानावर टाकण्यासाठी त्यातली दृश्ये मागितली जातील, आणि आजींनी परवानगी दिली होती ती या कामापुरती, हे तेव्हा कागद दाखवून सांगता आले पाहिजे.